वैरणीचा भारा, मोडके इंडिकेटर आणि वडिलांचा हात

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्या घरी २००६ सालची स्प्लेंडर प्लस आहे. वडिलांनी घेतलेली, आजही तेच चालवतात. रानातून वैरण, सकाळी डेअरीला दूध आणि आठवड्याला कराडचा बाजार. मागचे दोन्ही इंडिकेटर वैरणीच्या भाऱ्याने मोडले, त्यातला एक तर कितीतरी दिवस टेपवरच लोंबत होता. पुढचा उजवा कधी लागतो, कधी नाही. वर चापट मारली की लागतो. यंदा गाडीचं पासिंग आहे म्हणून मी बारीक एलईडीचे दोन इंडिकेटर आणून मागे बसवले. आता डावीकडचं बटण दाबलं की इंडिकेटर नुसता फडफडतो, आणि उजवीकडचं दाबलं की पेटून राहतो, लुकलुकतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, गाडी जुनी झाली, सगळं वायरिंग बदला. वडील म्हणतात, काढून टाक ते सगळं, आम्ही हात दाखवून जन्म काढला. वायरिंग खरंच बदलायला लागेल का? एलईडी ठेवू की काढू? घरी जमेल का हे काम? आणि वडिलांना काय सांगू?

— एक वाचक, कराड तालुका

उत्तर

वायरिंग बदलू नका. दुखणं कुठे आहे ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: "वर चापट मारली की लागतो." ज्या इंडिकेटरला चापट लागते त्याचा बहुतेक वेळा होल्डर तरी गेलेला असतो, नाहीतर अर्थिंग. त्यासाठी गाडीचं सगळं जाळं उपसायचं काही कारण नाही. वीतभर वायर, एक होल्डर आणि दोन बल्ब एवढ्यात हे काम आटोपायला हवं.

आधी डावा फडफडतो आणि उजवा नुसता पेटून राहतो, असं का ते बघू. तुमच्या गाडीला कंपनीने चार बल्ब दिले होते, प्रत्येकी १२ व्होल्ट १० वॉटचे. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून २० वॉट, म्हणजे साधारण पावणेदोन अँपिअर करंट. हा करंट फ्लॅशर नावाच्या छोट्या डबीतून जातो आणि ती टिकटिक करत तो जोडते-तोडते. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरचा ताल या करंटवरच बसवलेला असतो. करंट कमी झाला की ताल बिघडतो, आणि अगदीच कमी झाला की डबी कामच करत नाही.

तुम्ही मागे जो एलईडी लावलाय तो खातो जेमतेम एखादा वॉट. म्हणजे डाव्या बाजूचा करंट निम्म्यावर आला. फ्लॅशरच्या हिशेबाने मागचा बल्ब उडालाय, आणि तो घाईघाईने फडफडून तेच सांगतोय. उजव्या बाजूला तर पुढचा बल्बच धड लागत नाही. तिथे उरला एकटा एलईडी. त्याच्या चिमूटभर करंटवर फ्लॅशर हलतच नाही, म्हणून तो नुसता पेटून राहतो.

हे खरं की खोटं ते तुम्ही आत्ता अंगणात बघू शकता. चावी चालू करा, उजवीकडचं बटण दाबा आणि पुढच्या उजव्या इंडिकेटरला तुमची ती नेहमीची चापट मारा. तो लागला की मागचा एलईडीही डाव्यासारखाच फडफडायला लागेल. तसं झालं तर वायरिंग ठीक आहे, आणि गॅरेजवाल्याला तसं नम्रपणे सांगायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे: एलईडीला अधिक-उणे बघून जोडावं लागतं, उलटा जोडला तर तो पेटत नाही. तुमचे दोन्ही पेटतात, म्हणजे वायरी बरोबर लागल्यात. हात बरा आहे तुमचा, पुढचं काम घरीच करा.

सुरुवात पुढच्या उजव्यापासून. काचेचे स्क्रू काढा, जपून, कारण वीस वर्षांचं प्लॅस्टिक आता करकरीत झालेलं असतं आणि स्क्रूच्या भोकाजवळच तडकतं. काच निघाली की बहुधा आत वाळलेला चिखल, एखादी मेलेली मुंगी आणि तळाशी पाण्याची पांढरट रेघ दिसेल. बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. सहज सुटला तर ठीक. अडकला तर पक्कड लावू नका, काच हातात फुटते. जुन्या फडक्यात धरा, गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि पाच मिनिटं थांबा.

आता बल्ब उलटा करून त्याचं बूड बघा. तळाला शिशाचा एक बारका ठिपका असतो. चांगल्या बल्बचा ठिपका गोल आणि चकचकीत असतो. तुमचा चपटा, काळपट आणि मधे खड्डा पडलेला निघेल असा माझा अंदाज आहे. मग होल्डरच्या आत बघा. तळाशी स्प्रिंगवर पितळी टिकली असते, तीच या ठिपक्याला टेकते. टिकलीवर हिरवी-पांढरी भुकटी साचलेली असते आणि खालची स्प्रिंग गंजून तिच्यातला जोर गेलेला असतो. बोटाने टिकली दाबून सोडा. झटकन वर आली तर होल्डर वाचेल. दाबली तशीच खाली बसून राहिली तर होल्डर बदला. पॉलिश पेपर कितीही घासला तरी मेलेल्या स्प्रिंगमध्ये जीव येत नाही. चापट मारल्यावर तुमचा इंडिकेटर लागतो तो एवढ्यासाठीच: धक्क्याने टिकली क्षणभर ठिपक्याला जाऊन टेकते.

होल्डर चांगला निघाला तर टिकली, होल्डरची आतली भिंत आणि बल्बच्या बाजूच्या दोन कानपिना बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, पुसा, आणि बल्ब लावण्याआधी बुडाला नखभर व्हॅसलिन लावा. त्याने ओल आत शिरत नाही. नवा बल्ब घेताना दुकानदाराला "१२ व्होल्ट, १० वॉट" असं मोजून सांगा. नुसता "इंडिकेटरचा बल्ब" मागितला तर कितीदा २१ वॉटचा हातात पडतो. तो त्याच होल्डरमध्ये बसतोही. पण मग एका बाजूला ४२ वॉट होतात, फ्लॅशरचा ताल चुकतो, काच तापून वितळायला लागते, आणि किकवाल्या स्प्लेंडरची अडीच अँपिअर-तासाची चिमुकली बॅटरी तो भार फार काळ सोसत नाही.

बल्ब नवा, होल्डर साफ, तरीही उजेड मंद असेल तर अर्थिंग बघा. एक सुटी वायर घ्या, तिचं एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला लावा आणि इंडिकेटर चालू असताना दुसरं टोक होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला टेकवा. बल्ब एकदम उजळला तर दोष अर्थिंगचा. खराब अर्थिंगची आणखी एक खूण रात्री दिसते: इंडिकेटर लावला की दुसराच कुठला तरी दिवा त्याच तालावर बारीक लुकलुकतो. परतीची वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो.

वायरींचे रंग पाठ करून ठेवा, मग कोणी गोंधळवणार नाही. होंडाच्या पद्धतीत हिरवी म्हणजे अर्थिंग, काळी म्हणजे चावी चालू केल्यावर करंट येणारी, करडी फ्लॅशरकडून बटणाकडे जाणारी, नारंगी डाव्या इंडिकेटरची आणि फिकट निळी उजव्याची. हे मुद्दाम लिहितोय, कारण यामाहाच्या गाड्यांत काळी वायर म्हणजे अर्थिंग आणि गडद हिरवी म्हणजे उजवा इंडिकेटर. आरएक्स १००वर हात बसलेला मिस्त्री सवयीने तुमच्या स्प्लेंडरची काळी वायर चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावतो आणि फ्यूज उडतो. मग दुसरा फ्यूज टाकतो, तोही उडतो. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, आणि त्या दिवशी मात्र वायरिंग खरोखरच बदलायला लागतं. फ्यूज ज्या अँपिअरचा निघाला त्याच अँपिअरचा घाला.

मग वायरिंग बदलायची वेळ कधी येते? उंदरांनी कुरतडलं तर. उसाच्या पट्ट्यात, गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांना हे नवीन नाही. किंवा कुठेतरी जळून वायरी एकमेकींना चिकटल्या असतील तर. किंवा वायर वाकवल्यावर वरचं प्लॅस्टिक कडकड तुटून आतलं तांबं काळं दिसत असेल तर. सीट काढा, हेडलाइट उघडा, दोन्ही ठिकाणच्या दोन-चार वायरी बोटांनी वाकवून बघा. मऊ असतील तर ती गाडी अजून बरीच वर्षं याच वायरिंगवर चालेल.

आता एलईडी. माझं मत विचाराल तर काढा. एलईडी वाईट नसतो, आजच्या कित्येक गाड्या कंपनीतूनच तसे घेऊन येतात. पण त्यांचा फ्लॅशर, काच आणि बसवायची जागा हे सगळं एकमेकांना धरून बनवलेलं असतं. दुकानात टांगलेले ते बोटभर जाडीचे इंडिकेटर शोभेसाठी असतात. समोरून डोळ्यांवर येतात, पण जरा तिरकं उभं राहून बघा, निम्मा उजेड गायब. दुपारच्या उन्हात तर पेटलाय की नाही तेही कळत नाही. शिवाय आत पाणी शिरलं किंवा एक दाणा गेला की अख्खा फेकायचा, बल्ब बदलायची सोयच नाही. स्प्लेंडरचा मूळ इंडिकेटर दिसायला ढब्बू आहे खरा. पण तो कुठल्याही बाजूने दिसतो, आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात त्याची काच सुटी मिळते.

तरीही एलईडीच ठेवायचे असतील तर अर्धवट ठेवू नका. चारही एकाच जातीचे लावा आणि सोबत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. त्याचा ताल करंटवर अवलंबून नसतो. दोन पिनांचा असेल तर काळी वायर 'बी' लिहिलेल्या पिनेला आणि करडी 'एल'ला. तिसरी 'ई' असेल तर ती हिरवीला. फ्लॅशर कुठे आहे ते शोधायला इंडिकेटर चालू करा आणि आवाजाच्या दिशेने हात घाला. जी डबी बोटांना टिकटिकेल तोच. दुकानदार फ्लॅशरऐवजी दोन सोनेरी रेझिस्टर गळ्यात मारायला बघेल. ते घेऊ नका. एलईडीने वाचवलेले वॉट ते नुसते तापून जाळतात, आणि प्लॅस्टिकच्या कव्हराला टेकले तर ते कव्हरही.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या मीटरमध्ये डावा-उजवा मिळून इंडिकेटरचा एकच हिरवा दिवा आहे, त्यांना एलईडी लावल्यावर वेगळाच चमत्कार दिसेल: कुठलंही बटण दाबा, चारही लुकलुकतात. तो मीटरचा दिवा दोन्ही बाजूंच्या मधे जोडलेला असतो, आणि त्याच्यातून पलीकडे झिरपणारा करंट १० वॉटच्या बल्बला पेटवू शकत नाही, एलईडीला मात्र पुरतो. दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा बारका भाग) लावून दोघांची बाहेरची टोकं दिव्याच्या एका पिनेला आणायची आणि दिव्याची दुसरी पिन अर्थिंगला द्यायची, की हे थांबतं. १ अँपिअरचा साधा डायोड पुरे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरीत मिळतो.

आता मागचे बसवण्याबद्दल. "स्प्लेंडर प्लसचा मागचा डावा, मागचा उजवा" असंच मागा, कारण दोन्ही सारखे दिसले तरी वायरी आणि खाच उलट्या निघू शकतात. दांडा रबरी किंवा लवचीक मिळाला तर तोच घ्या. तुमच्याकडे वैरणीचा भारा आहे. कडक दांडा पुन्हा मोडणार. बॅटरीची उणे वायर आधी सोडवा. सीट काढा. काही सुटं करण्याआधी वायरींचा मोबाईलवर फोटो काढा, चांगल्या उजेडात, रंग ओळखू येतील असा. मग जोड सोडवा आणि शेवटी मडगार्डच्या आतला नट. हा नट चिखलात बुजलेला आणि गंजलेला असणार. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलंत तर सकाळी शिव्या घालाव्या लागणार नाहीत. वायर दांड्याच्या पोकळीतून जाते, म्हणून आधी वायर ओवा, मग वॉशर, मग नट. नट पुरता आवळला की वायर पिळली तर नाही ना ते बघा.

वायरी पिळून वर टेप गुंडाळायचा, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा रोग. उन्हाने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकतो, पावसाळ्यात उघड्या तांब्याला हिरवं चढतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा चापट मारायची वेळ येते. दोन रुपयांची गोल पिन दाबून बसवा, वर प्लॅस्टिकची नळी सरकवा, आणि नळी तापवून आवळणारी मिळाली तर उत्तमच. डाग देऊन केलेला जोड घरातल्या वायरीला चालतो. गाडीत सततच्या थरथरीने तो डागाच्या कडेला तुटतो. जोड मडगार्डच्या बाहेर लोंबू देऊ नका, सीटखाली घ्या. आणि वायर थोडी ढिली सोडा.

सगळं झालं की बॅटरी जोडून इंजिन बंद असतानाच इंडिकेटर लावा. मोबाईलवर अर्धं मिनिट लावून लुकलुक मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ती मिनिटाला ६० ते १२० वेळा हवी, म्हणजे अर्ध्या मिनिटात ३० ते ६०. चाळिसेक आली तर झकास. इंजिन बंद असताना किंवा मंद चालत असताना इंडिकेटर आळसावतो आणि रेस दिली की ताळ्यावर येतो, असं झालं तर इंडिकेटरला दोष देऊ नका, बॅटरी म्हातारी झालीय. तुमच्या गाडीचा हेडलाइट थेट इंजिनच्या करंटवर चालतो, पण हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर बॅटरीवर. त्यामुळे रात्री हेडलाइट भक्क असला तरी बॅटरी चांगली आहे असं समजायचं कारण नाही.

पासिंगबद्दल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यामुळे २००६च्या गाडीची २०२१ नंतरची ही पुढची फेरी. तपासणी करणारा दिवे बघतोच. इंडिकेटरचा उजेड नारंगीच हवा, पुढेही आणि मागेही. पांढरे, निळे किंवा पळणारे एलईडी तिथे अडतील. एक बारीक गोष्ट राहून जाते: नारंगी बल्बचा रंग वरून चढवलेला असतो आणि जुना झाला की पोपडे निघून आतला पांढरा उजेड बाहेर येतो. तुमच्या काचा पारदर्शक असतील तर बल्ब तेवढे बघून घ्या. काचच नारंगी असेल तर बल्ब साधा चालतो. आणि कोणी बारीक इंडिकेटर नंबर प्लेटच्या बोल्टात बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका. नव्या सुरक्षा नंबर प्लेटचे लॉक तोडल्याशिवाय निघत नाहीत, ते तोडून घेऊन पासिंगला गेलात तर दुसरंच लचांड मागे लागेल.

आता वडील. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, हात दाखवणं हा कायद्यातलाच इशारा आहे. पण एक गोष्ट त्यांना गाडीवर बसवून दाखवा, नुसती तोंडाने सांगू नका. १९८९च्या रस्ता नियमांत उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा बाहेर काढायचा, आणि डावीकडे वळायचं तरी उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा, असं होतं. ते जुळतं मोटारगाडीला, कारण तिच्या ड्रायव्हरचा उजवा हात खिडकीशी असतो. मोटरसायकलवर उजव्या हातात काय असतं? रेस आणि पुढचा ब्रेक, दोन्ही. महामार्गावरून उजवीकडे रानाच्या वाटेला वळायचंय, कडेला मुरूम सांडलाय, मागे ३० किलोचा भारा आहे, आणि नेमक्या त्या वेळी रेसही सुटलेली आणि पुढचा ब्रेकही. गाडी स्टँडवर लावून त्यांना हात बाहेर काढायला सांगा आणि विचारा, "आबा, आता समोर कुत्रं आडवं आलं तर?" डावा हात काढतो म्हणाले तर क्लच सुटतो.

अंधाराचं तर बोलायलाच नको. हंगाम सुरू झाला की तुमच्या भागात संध्याकाळनंतर रस्त्यावर काय असतं ते मी सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, समोरून डोळ्यांत घुसणारे दिवे, रस्त्यावर सांडलेला ऊस. त्या उजेडात सदऱ्याची बाही दिसते ती माणूस दहा हातांवर आल्यावर. ट्रॅक्टरवाल्याला थांबायला तेवढं अंतर पुरत नाही.

माझा एक अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या. बऱ्याच वयस्क मंडळींचा राग इंडिकेटरवर नसतो, तो बंद करायचा विसरण्यावर असतो. वळून मैलभर गेल्यावर मागून कोणीतरी ओरडतं, "ओ काका, इंडिकेटर चालूय!" आणि चारचौघांत ओशाळं वाटतं. मोटारीत स्टिअरिंग सरळ झालं की तो आपोआप बंद होतो, स्प्लेंडरला ती सोय नाही. वडिलांचं असं काही असेल तर इंडिकेटरचा बझर लावून घ्या. बटण चालू आहे तोवर तो पिकपिक करत राहतो. हे काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बझर फ्लॅशरच्या करड्या वायरीला लावून चालत नाही, कारण बटण बंद असतानाही तिच्यात करंट उभा असू शकतो आणि मग बझर थांबतच नाही. तो मीटरच्या इंडिकेटर दिव्यांच्या वायरींवरून, डायोड घालून घ्यावा लागतो. बटणही बघा. धूळ बसून ते घट्ट झालेलं असतं आणि अंगठ्याला मधोमध आणणं जड जातं. स्विच उघडून आतली धूळ झटकली आणि चिमूटभर ग्रीस लावलं की सुटं होतं.

राहिला भारा. नवे इंडिकेटर बसवाल आणि तिसऱ्या दिवशी वैरण पुन्हा त्यांच्यावर टेकेल, तर सगळं मुसळ केरात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना इंडिकेटरच्या थोडं बाहेरून जाईल अशी वाकवलेली लोखंडी सळई वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्या, म्हणजे भाऱ्याचं वजन दांड्याऐवजी सळईवर येईल. दुधाच्या किटल्यांनाही तीच अडवेल. सळई काचेसमोर येणार नाही एवढं बघा. भारा जमेल तितका उभट बांधा, रुंद नको. तरीही हिरवा मका असला की तो मागचे इंडिकेटरच काय, टेललाइटही झाकून टाकतो. अशा दिवशी मागच्याला पुढचे इंडिकेटरही दिसत नाहीत. तेव्हा गाडी आधीच हळू करून, जवळजवळ थांबवून, वडिलांनी खुशाल हात दाखवावा.

ते दोन एलईडी दुकानदार परत घेतो का विचारा. वायरी कापल्या नसतील तर बहुतेक घेईल, आणि त्याच पैशात १० वॉटचे चार बल्ब मागून घ्या.